आधी डॉक्टर

मंगळवारी सकाळी दहा वाजता कॅनडातल्या सास्काटूनच्या मालिशवाल्या वेल्डाने बर्निसच्या डाव्या पोटरीवर अंगठा दाबला, मनात पाचपर्यंत मोजलं आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"एकाच पायाला सूज आहे, बर्निसबाई. आत रक्ताची गाठ असली तर चोळल्याने सरकायची. आधी डॉक्टर, मग मालिश."

"अगं, बर्फातले नवे बूट काचतात, बाकी काही नाही. लोकांना डॉक्टरकडे पिटाळायचा तुला नादच आहे. स्वतः कधी गेलीस का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग चल, तूही पाय दाखव. तरच मी येते."

एका हट्टी बाईची समजूत काढायची म्हणून वेल्डा दवाखान्यात गेली. नर्सने दोघींचेही मोजे उतरवायला लावले आणि आळीपाळीने दोघींच्या पोटऱ्यांवर अंगठा दाबला.



बर्निसला दुपारी घरी सोडलं, तिचे बूटच काचत होते, वेल्डाला मात्र डॉक्टरांनी अजून आत ठेवून घेतलंय, आणि तिच्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना बर्निस फोनवर सांगतेय, "आधी डॉक्टर, मग मालिश."