चिमूटभर साखर

दिवाळी अंकाच्या गूढकथेसाठी हेरंबला कुणीच न लिहिलेला राक्षस हवा होता. हडळ, मुंजा, वेताळ लिहून लिहून गुळगुळीत झालेले. अखेर त्याला रित्या सुचला. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत केला, की रित्या त्यात बसून त्यांच्या घरी जातो आणि तिथल्याच एखाद्या माणसानं तो डबा भरतो.

कथा ऐकून बायको खूश झाली. “म्हणूनच सासूबाई चिमूटभर साखर घातल्याशिवाय कुणाचा डबा परत देत नाहीत!” मग तिनं ओट्याकडे पाहिलं. “समोरच्या वहिनींचा डबा दिलास? साखर घातलीस ना?”

हेरंबनंही ओट्याकडे पाहिलं. लिहिण्याच्या तंद्रीत त्यानं डबा विसळून तसाच देऊन टाकला होता. “काहीतरीच काय! मीच तर रचलंय त्याला,” म्हणत तो हसायला गेला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या वहिनी उभ्या होत्या, पांढऱ्याफटक पडलेल्या. तोच डबा त्यांनी छातीशी घट्ट धरला होता.

“भाऊजी, आमची चिऊ घरात कुठंच नाहीये. आणि याचं झाकण निघत नाहीये हो...”

डब्यातून बारीक आवाज आला, “आई, इथं अजून कुणीतरी आहे गं.”