पूर्वजांचं जेवण

मलाक्कातल्या लिम या चिनी घरात पूर्वजांच्या नावाच्या पाट्यांपुढे ताट ठेवून त्यांना जेवू घालायचा दिवस होता. चाळीस वर्षं तो स्वयंपाक करणाऱ्या स्यूयिंगने भाजलेलं बदक ताटात काढलं, तेवढ्यात धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू गेल्यावर तुझ्या नावाची पाटी पूर्वजांच्या ओळीत लावता येणार नाही हं. बिनलग्नाच्या मुलीची पाटी घरात ठेवत नाहीत. देवळात सोय करू."

ज्याला वाढवायला तिने आलेली स्थळं परतवली, तो हे सांगत होता.

तिने त्याच्याकडे खरकट्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग ताट पूर्वजांपुढे न नेता ती जेवायला बसली आणि बदकाची तंगडी मोडली.

"अगं, आधी पूर्वजांना!" भाऊ ओरडला.

"ते तुझे ना? तू रांधून वाढ," ती म्हणाली आणि सावकाश चावू लागली.