उपयोग अज्ञात

नागेंद्रने बटण दाबले आणि भिंतीतल्या दगडी पन्हळीतून पाण्याची धार खाली पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आम्ही हितनं एसीचा पाइप घालणार हुतो,” तो हसत म्हणाला. “मॅडमनी हातच लावू दिला न्हाय.”

“भोकाचं एवढं कौतुक!” मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

सुनयना हसली नाही. ती आईकडे बघत होती.

निपाणीतल्या या शंभर वर्षांच्या घरावर तिने वास्तुकार म्हणून चौदा महिने काम केले होते. घर तंबाखूच्या व्यापाऱ्याचे. नागेंद्र त्याचा नातू. आता त्याचा बेळगावात, उद्यमबागेत कारखाना होता. सुनयनाने भिंतींवरचे सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा दिला. वाळवी लागलेले वासे बदलले. मागच्या अंगणात काचेची आणि लोखंडाची नवी खोली जोडली. त्यामुळे जुन्या घराची मागची, बाहेरची भिंत आता नव्या खोलीच्या आत आली. पन्हळ त्या भिंतीत होती.

तिचा उलगडा मात्र सुनयनाला झाला नव्हता. भिंतीच्या पलीकडे, जुन्या घरात, एक कोनाडा होता. कोनाड्यात दगडी वाटी आणि वाटीला भोक. तिथे ओतलेले पाणी भिंतीतून अंगणात पडायचे. ओतणारा अंगणातून दिसत नसे. पन्हळीचे तोंड जमिनीपासून तीन फुटांवर होते. मोरीचे पाणी इतक्या उंचीवरून कोणी काढत नाही. गुरांसाठी म्हणावे, तर खाली पाण्याची डोणी नव्हती. खाली फक्त जांभ्याचा एक दगड होता आणि त्यावर तीन खळगे. एक पाणी पडून झालेला. तो तिला समजला. त्याच्या अलीकडचे दोन, शेजारी शेजारी, कशाने झिजले ते समजले नाही. नुसता अंदाज लिहून ठेवण्याची तिला सवय नव्हती. नकाशावर तिने लिहिले, ‘उपयोग अज्ञात’. नागेंद्रला ते इतके आवडले की त्याने ते शब्द पितळी पट्टीवर कोरून घेतले आणि पन्हळीशेजारी लावले.

हे घर आईने बघावे, असे सुनयनाला पहिल्या दिवसापासून वाटत होते. आई, सोनुबाई, लहानपणी आपल्या आईबरोबर निपाणीत तंबाखूच्या कामाला येत असे, एवढे सुनयनाला माहीत होते. त्यापुढचे आई कधी बोलली नव्हती. बेळगावच्या घरी टेबलावर पहिल्यांदा नकाशा आणि फोटो पसरले, तेव्हा सोनुबाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

“मागली भिंत पाडणार न्हवं?” तिने विचारले.

“ती कशी पाडीन, आई? सगळ्यात जुनी तीच.”

पुढे आणखी दोनदा तिने विचारले. एकदा जेवताना, एकदा सुनयना सकाळी बसला निघाली असताना. “पाडली का गं?” सुनयनाला बरे वाटले होते. आई आपल्या कामात लक्ष घालते आहे, असे वाटले होते. पण घर बघायला ती येईना. गुडघे दुखतात म्हणायची. शेवटी काल सुनयनाचा आवाज चढला. “सगळी बघून गेली. एक तूच न्हाईस.” आज सकाळी सोनुबाई नवे लुगडे नेसून तयार बसली होती.

आता ती नव्या सोफ्याच्या कडेला बसली होती. हातातला चहा तिने तसाच खाली ठेवला आणि उठली. भिंतीजवळ गेली. दगडाच्या अलीकडे चपला काढल्या आणि पदर सावरून उकिडवी बसली. तिने खाली बघितले नाही. तरी तिचे दोन पाय दोन खळग्यांत नेमके बसले. तिने ओंजळ तोंडाशी धरली, मान वाकवली आणि नजर वर, पन्हळीच्या तोंडाकडे लावली.

एका पाहुणीने फोटोसाठी फोन वर धरला होता. तिने तो हळूच खाली घेतला.

सुनयना पितळी पट्टीवरचे दोन शब्द वाचत राहिली. मापे घेताना ती या भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली होती. खाली बसून तिने एकदाही बघितले नव्हते. आणि आईने तीनदा विचारले होते.

“मावशी, पिऊ नका ते!” नागेंद्र लगबगीने पुढे आला. “नुसतं शोभेचं हाय. टाकीतलं तेच पाणी फिरून येतंय. थांबा, आतनं फिल्टरचं आणून देतो.”

त्याने बटण दाबले. धार तुटली.

सोनुबाईची ओंजळ अर्धी भरली होती. तिने हात तसेच धरून ठेवले.

“व्हय,” ती म्हणाली. “तवाबी पाणी असंच थांबायचं. वंजळ भरायच्या आत.”