मृणालची रांग

मंगळावरून आलेल्या निरोपालाच फक्त उत्तर धाडता येई, आणि सदानंद गुरव नऊ वर्षं निरोप पाठवत असूनही तिथे राहणाऱ्या लेकीचं एकही उत्तर आलं नव्हतं. शेवटी ते निरोप-केंद्रात गेले.

"काका, 'मृणाल गुरव' ही निरोपांची रांग तुमच्यामुळेच उघडली," तिथल्या बाई म्हणाल्या. "नाव सापडलं नाही की यंत्र नवी रांग उघडतं. या रांगेतून कुणी एकही निरोप उचललेला नाही."

"पण दर वेळी 'पोहोचला' असं यायचं!"

"रांगेत पोहोचला. लग्नात नाव बदललं होतं का?"

जावयाने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं 'उर्वी' गुरवांना आठवलं. ते त्यांच्या तोंडी कधी रुळलंच नव्हतं.

त्यांनी ते सासरच्या आडनावासकट सांगितलं, बाईंनी टाइप केलं. त्यांचा आवाज उतरला. "ही रांग गेल्या महिन्यात मिटली, काका. त्या आता नाहीत."

गुरव म्हणाले, "मग मृणालची तेवढी चालू ठेवा."