नवशिक्याचा रिमोट

“हा नको. वेगाची स्टिक उजव्या हाताला येते, तो दे,” काकू म्हणाल्या आणि काउंटरवरचा आणखी एक रिमोट त्यांनी मागे सरकवला.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मॉडेल विमानांच्या या दुकानात रोज कोणीतरी नवखं गिऱ्हाईक येई, भलतंच काहीतरी मागे, आणि तो त्याला समजावून वाटेला लावी. पण हे गिऱ्हाईक साधं नव्हतं. ज्या उस्तादांनी त्याला विमान उडवायला शिकवलं, त्यांची ही बायको. त्याचं पहिलं विमान पंखांपर्यंत जमिनीत घुसलं, तेव्हा उस्तादांनीच त्याचं नाव ‘भुईमूग’ ठेवलं होतं. आता मैदानावर तोच इतरांना शिकवत होता, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

“विमान तर मागेच माझ्याकडून नेलंत. पण उडवणार कोण, काकू?”

“नवशिका.”

भुईमूग मनात समजून गेला. उस्तादांना झटका आला, एक बाजू गेली, आणि त्यांनी आपली सगळी विमानं वाटून टाकली. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. भेटायला येणाऱ्याला दारातूनच निरोप मिळे. भुईमूगही दोनदा परत फिरला होता. पुढे त्याचा पायच उचलला नाही. आता काकू स्वतः शिकणार, म्हणजे निदान चुका काढायला तरी उस्ताद मैदानावर येतील. बेत छान होता. म्हणूनच पहिल्या घासाला खडा लागू नये, असं त्याला वाटत होतं.

“काकू, ऐका. इथे आम्ही सगळे डाव्या हाताने वेग देतो आणि उजव्याने विमान सांभाळतो. तुम्ही उलटा रिमोट घेतलात आणि विमान भरकटलं, तर वाचवायला कोणी नाही. तुमच्या हातून मी घेतला तरी माझीच बोटं चुकतील. उस्तादांचाच नियम आहे, शिकणाऱ्याचा रिमोट शिकवणाऱ्यासारखा हवा.”

“तो नियम मी जेवणाच्या ताटावर ऐकत आलेय. वरच्या फळीवरचे ते दोन खोके कसले?”

“ते? ते चुकून आलेत. कोणी घेत नाही. धूळ खातायत.”

“त्यातला एक झटक आणि दे.”

“हट्ट करू नका, काकू. पहिल्याच दिवशी आपटेल.”

“तुझं नव्हतं आपटलं? तू तर बी पेरावं तसं पेरलं होतंस.”

भुईमूग ओशाळला. “तेव्हा शेजारी उस्ताद होते.”

“आत्ताही असतील.”

तो स्टुलावर चढला आणि एक खोका खाली घेऊन आला. काकूंनी रिमोट बाहेर काढला, पदराने पुसला आणि एका बोटाने दोन्ही स्टिक ढकलून पाहिल्या. डावी सोडताक्षणी मध्यावर परत आली. उजवी जिथे ढकलली तिथेच राहिली.

“ही राहते ती वेगाची. आणि वळणं, नाक वर-खाली, सगळं या डावीवर. बरोबर?”

“बरोबर. उजव्या हाताने फक्त वेग द्यायचा. पण खरं कसब सगळं डाव्या हातात येतं. तुम्हाला जमेल?”

“वेग द्यायचा तेवढं जमेल मला. गॅस लहान-मोठा करण्यात जन्म गेला.”

“आणि डावी स्टिक?”

“ती माझी नाहीच.” काकूंनी रिमोट काखेत मारला. “नवशिका बाहेर गाडीत बसलाय. केवढ्या मिनतवारीने इथवर आणलाय. रिकाम्या हाताने परत गेला तर पुन्हा दार लावून बसेल. जरा तापट आहे, सांभाळून घे.”

भुईमूग त्यांच्यामागून बाहेर आला. गाडीच्या मागच्या सीटवर उस्ताद बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता, कोणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखा. काकू पलीकडच्या दाराने आत शिरून त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. रिमोट त्यांनी दोघांच्या मांड्यांवर निम्मा-निम्मा ठेवला.

उस्तादांनी रिमोटकडे पाहिलं. मग त्यांचा डावा अंगठा हळूहळू स्टिकवर गेला. वर ढकलायची ती स्टिक तिरकी सरकली. त्यांनी पुन्हा ढकलली. पुन्हा तिरकी. मैदानावरच्या कोणत्याही पोराचा अंगठा पहिल्या दिवशी असाच अडखळतो.

तेवढ्यात काकूंनी आपली स्टिक थेट टोकापर्यंत नेली.

“हळू, बये!” उस्ताद खेकसले. शब्द जड होते, तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येत होते. “मुसळ... नाही ते!”

“बघ,” काकू भुईमुगाला म्हणाल्या, “म्हटलं नव्हतं, तापट आहे?” आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

उस्तादांनी मान वर केली. गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या आपल्या चेल्याकडे त्यांनी पाहिलं.

“भुईमूग,” ते म्हणाले, “हा हात... कोरा आहे. शिकवशील?”

भुईमूग वळून दुकानात गेला, स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवर उरलेला खोका स्वतःसाठी उतरवला.