काटे काढणारा सेनापती

"सोळा भाग झाले, अजून साधा हात धरला नाही त्यानं. कसलं डोंबलाचं प्रेम!" जेवता जेवता दिनानाथ बायकोच्या चिनी मालिकेवर पुन्हा घसरला.

लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलवर लांब केसांचा सेनापती राजकन्येशेजारी जेवायला बसला होता. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. त्यानं फक्त माशातला एकेक काटा वेचून काढला आणि तो मासा गुपचूप तिच्या वाडग्यात ठेवला. शशिकलानं मनगटानंच डोळे पुसले. "ह्यालाच म्हणतात प्रेम," ती म्हणाली.

मनगटानं का, म्हणून दिनानाथनं पाहिलं. तिची बोटं माशाच्या तिखल्याच्या रश्शानं माखली होती. त्याच्या ताटातल्या पेडव्यांचे काटे ती काढत होती. लग्न झाल्यापासून, एकतीस वर्षं, काढतच आली होती.

मग त्यानं एक पेडवा उचलला. जमेल तसे काटे काढले, बशीत घालून मोठ्या कौतुकानं तिच्यापुढे सरकवला. "घे, आज तू आधी खा."

ती हसली, पण बशीला हात लावेना. "अहो, मी मासे कुठे खाते? तुमच्या आई गेल्या तेव्हाच सोडले. पाच वर्षं झाली."

दिनानाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी त्यानंच तिच्याकडे सुरमई तळायला दिली होती.

शशिकलानं बशीतला मासा बोटांनी चाचपला, आत राहिलेला काटा काढला आणि मासा त्याच्याच ताटात वाढला.