खाल्ल्या मिठाला

मोठ्या हौदातले सोनेरी मासे भिंतीला अंग घासत होते. त्यांच्या पाठीवर, परांवर पांढरे ठिपके उठले होते, कुणी चिमटीने मीठ भुरभुरावं तसे.

"आणि औषधही मीठच," काका म्हणाले. ते त्या मत्स्यशेतीवरचे सगळ्यांत जुने कामगार. बादलीत विरघळवलेलं मीठ त्यांनी हौदाच्या कडेकडेने हळूहळू सोडलं. "इतकी वर्षं मालकांचं मीठ मी खाल्लं, आता हे खातील. बघू, जागतात का."

त्यांच्यासोबत काम करणारी ती हसली नाही. तळाशी गेलेले मासे वेचून टबात टाकत राहिली.

मालक काठावर उभे होते. "काका, हा किडा उडत येत नाही. आजारी माशांच्या टाकीतली जाळी कुणीतरी इथे बुडवली. आणि गेल्या आठवड्यात मासे तुम्हीच हलवलेत."

"मीच हलवले."

"वेगळी ओळखू यावी म्हणून त्या जाळीच्या दांड्याला लाल रिबीन असते. तुम्हाला दिसली नाही?"

काका बादलीत बघत राहिले. "रिबीन असणारच. ही बांधते ना, कधी विसरत नाही." त्यांनी मानेनेच तिच्याकडे खूण केली. "मलाच दिसली नसेल. डोळे दगा देताहेत म्हणायचे."

"मग आता त्यांना आराम द्या." मालकांनी आवाजही चढवला नाही. "सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतो."

तिने टबातून हात काढला. गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेत फोटो काढणार होते. दोन वेण्या आणि रिबीन एकच. कामावर येता येता लेकीचा ओठ थरथरायला लागला होता. म्हणून जाळीची सोडली, नळाखाली खसखसून धुतली. एका दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, राहू दे ना गं आई. बरं, उद्या बांधू.

"मालक..."

"बोल."

"मीठ कमी पडेल. अजून एक पोतं लागेल."

"सांगतो आणायला."

तिने पुन्हा टबात हात घातला. मासे अजून मऊ होते.

फाटक करकरलं. लेक दप्तर उडवत आत आली आणि पाण्याजवळ यायचं नाही हे आठवून तिथेच थांबली. काकांनी हौदाच्या या टोकावरून मान वर केली.

"ओहो, बाईसाहेब आल्या! पण काय गं, उजवीकडची रिबीन लालचुटूक आणि डावीकडची एवढी विटलेली कशी?"

बोलता बोलता त्यांच्या हातातली बादली थांबली.

मालकांनी वेणीकडे पाहिलं. मग काकांच्या डोळ्यांकडे.

तिने हात धुतले, पदराला कोरडे केले. लेकीजवळ जाऊन डावी वेणी सोडली.

"आई, माझी रिबीन!"

"आपली नाही ती, राणी."

खिळ्यावर दोन सारख्या जाळ्या लटकत होत्या. "फोटोच्या दिवशी मीच सोडली होती," मालकांकडे न बघता ती म्हणाली. "काकांचे डोळे चांगले आहेत."

आजारी टाकीच्या जाळीच्या दांड्याला तिने रिबीन गुंडाळली. तिला गाठ बसेना. काका आले आणि त्यांनी दांडा धरून ठेवला.

"घट्ट मार," ते हळूच म्हणाले. "पाण्यात सैल होते."

गाठीत लेकीचा एक लांब केस अडकला होता.